ब्लोअरची मोटर बदलायची? आधी ती खरंच गेली आहे का ते बघा

ग्वाल्हेरात गाडीच्या ब्लोअरला सुट्टी अशी नसतेच. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, लू सुटते, आणि काचा उघड्या ठेवून गाडी चालवणं म्हणजे भट्टीचं दार उघडून समोर बसणं. पावसाळ्यात काच आतून धूसर होते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी मुरारहून शहराच्या लष्कर भागात यायचं तर धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नाही. त्यात काचेवर आतून वाफ धरली आणि ती उडवायला वारा नसला, तर गाडी बाजूला लावून बसावं लागतं. एसी, हीटर आणि काचेची वाफ, तिन्हींसाठी हवा ढकलणारा पंखा एकच असतो. तो बंद पडला की तिन्ही गेले.

मी इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये विद्युत विभागाची प्रयोगशाळा सांभाळते. डीसी मोटर खोलणं, तिचे कार्बन (फिरत्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे) बघणं, मुलांनी उलटी जोडलेली वायर सुलटी करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे गल्लीत कुणाचा ब्लोअर बंद पडला की माणूस थेट आमच्या ओट्यावर येतो, आणि बहुतेक वेळा हातातल्या पिशवीत नवी मोटर घेऊनच येतो. मला खटकतं ते हेच. मोटर काढून बसवणं सवयीच्या हाताला अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. ती खरोखर गेली आहे हे ठरवणं हे खरं काम, आणि गॅरेजात ते सहसा होत नाही, कारण मोटर बदलण्याचे पैसे मिळतात, मीटर लावण्याचे मिळत नाहीत.

आमच्या धाकट्या भाऊजींचंच घ्या. फोन आला, "वहिनी, मिस्त्री म्हणतोय मोटर गेली, नवी टाकावी लागेल."

"चार नंबरवर चालतो का?"

"चारवर जोरात चालतो. एक-दोन-तीनवर ढिम्म."

मग मोटर गेली कशी? चारवर, म्हणजे सगळ्यात वरच्या वेगावर, भरघोस वारा देणारी मोटर ठणठणीत आहे. गेलाय तो रेझिस्टर, आणि तो मोटरच्या मानाने अगदी स्वस्तात मिळतो.

आवाज आणि नॉब काय सांगतात

फिरवायच्या नॉबच्या गाड्यांत मोटरच्या वाटेवर तारेच्या दोन-तीन गुंडाळ्यांचा एक छोटा संच बसवलेला असतो. हाच तो रेझिस्टर. दुकानात त्याला ‘ब्लोअर रेझिस्टन्स’ म्हणून मागतात. एक नंबरवर करंट सगळ्या गुंडाळ्यांतून जातो, दोनवर एक गुंडाळी कमी होते, तीनवर आणखी एक, आणि चारवर वाट मोकळी. संचावर थर्मल फ्यूज असतो, म्हणजे फार तापलं की उडणारा. तो उडाला की खालचे तिन्ही वेग एकदम जातात आणि चौथा राहतो. एखादीच गुंडाळी तुटली तर एक-दोनच वेग जातात.

हा संच हवेच्या वाटेतच ठेवलेला असतो, कारण त्याच हवेने तो थंड राहतो. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, तुंबला की ‘मोटरवर लोड येतो’ असं मिस्त्री सांगतात. ब्लोअरच्या या पिंजऱ्यासारख्या गोल पंख्याचं उलट आहे. वाट अडली की तो हवाच कमी ढकलतो, आणि करंटही कमी घेतो. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर तळवा धरला की त्याच्या मोटरचा आवाज चढतो, तो भार हलका झाल्यामुळे. फिल्टर तुंबल्याचा मार बसतो तो रेझिस्टरला, कारण त्याला थंड करणारी हवा मिळत नाही, आणि काही प्रमाणात मोटरच्या स्वतःच्या थंडाव्यालाही. म्हणून ज्यांचा रेझिस्टर वारंवार जळतो त्यांनी आधी फिल्टर काढून उजेडात धरावा. आमच्याकडच्या धुळीत तो कंपनीच्या वेळापत्रकाच्या कितीतरी आधी तुंबतो. जुन्या, स्वस्त व्हेरियंटच्या गाड्यांत पुष्कळदा फिल्टर दिलेलाच नसतो, नुसतं झाकण असतं. तिथे सगळी धूळ कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा गार करणाऱ्या एसीच्या जाळीवर, जाऊन बसते.

ऑटो क्लायमेटच्या, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या, गाड्यांत या गुंडाळ्या नसतात. तिथे ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यापट्ट्यांचं. बंद केलं तरी ब्लोअर फिरतच राहिला, तर संशय पहिला त्याच्यावर घ्यायचा.

मोटरचीच तक्रार असली तर ती बहुधा आवाजाने कळते. थंडीत सकाळी सुरू केल्याबरोबर चिमणीसारखी चीं-चीं आणि दोन मिनिटांनी गप्प, म्हणजे बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो ती कडी) कोरडा पडलाय. हे महिनोन्‌महिने असंच चालू शकतं, पण संपतं ते मोटर जाम होऊनच. टक-टक-टक आणि वेग वाढवला की टकटकही वाढते, म्हणजे पंख्यात पान किंवा काडी आहे. मोटर बदलू नका, पान काढा. सगळा डॅशबोर्ड थरथरतो, म्हणजे पंख्याचं पातं मोडलंय किंवा एका बाजूला धूळ थापली गेलीय. कधी चालतो, कधी नाही, आणि डॅशबोर्डखाली गुद्दा मारला की सुरू होतो, तर कार्बन झिजले आहेत. ही शेवटची खूण फार भरवशाची आहे. डाव्या सीटसमोर पायाशी वाकून मोटरच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. फिरली, तर समजा दिवस भरले.

आणि मोटर जोरात घोंघावतेय पण वारा येत नाही, तर मोटरचा काही दोष नाही. फिल्टर बघा, कूलिंग कॉइल बघा. तासाभराच्या प्रवासानंतर वारा मंदावतो आणि एसी बंद करून थोडं थांबलं की परत येतो, तेव्हा कॉइलवर बर्फ धरलेला असतो. वारा भरपूर पण हीटर लावूनही गार, तर ते इंजिनाच्या कूलंटचं प्रकरण आहे, कारण गाडीचा हीटर इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो. त्यात ब्लोअरला हात लावू नका.

मीटर, आणि मीटरपेक्षा बरा हेडलाइटचा बल्ब

कुठल्याच नंबरवर काहीच होत नसेल तर आधी फ्यूज. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. ब्लोअरचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा, कधी डॅशबोर्डखाली, कधी बोनेटमध्ये. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. पुन्हा उडाला तर मोठा लावायचा मोह टाळा. जाम झालेली मोटर किंवा घासलेली वायर फ्यूज उडवते. मोठा फ्यूज लावला की जळायची पाळी वायरची, आणि ती वायर तुमच्या गुडघ्यांसमोर असते. फ्यूज ठीक असेल तर रिले, म्हणजे मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. शेजारच्या खोबणीत तसाच रिले असला तर दोघांची अदलाबदल करून बघणं ही सगळ्यात सोपी तपासणी.

मग मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग. लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. आत डोकावा. पिन काळसर, प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं असलं तर अर्धं उत्तर मिळालं. तिथे पकड सैल होऊन उष्णता झालीय, आणि नवी मोटर त्याच कपलरला लावली तर काही दिवसांत तीही बंद पडेल.

आता मोजायचं. इंजिन बंद, चावी ऑनवर, नॉब चारवर. मीटर (साधा मल्टिमीटर) डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही काड्या कपलरच्या दोन पिनांना लावा. एक काडी कपलरला आणि दुसरी बॉडीच्या लोखंडाला असं सगळे करतात आणि फसतात. कारण बऱ्याच गाड्यांत मोटरला प्लस थेट रिलेकडून येतो, आणि रेझिस्टर व नॉब असतात ते अर्थिंगच्या वाटेवर. प्लस पिनला बॉडीशी मोजलं तर बारा व्होल्ट छान दिसतात, म्हणून मिस्त्री म्हणतो ‘करंट आ रहा है, मोटर खराब है’, आणि बिघाड तर परतीच्या वाटेवर, नॉबच्या जळक्या पिनेत बसलेला असतो.

याहून मोठी फसगत खुद्द मीटरची. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली तरी तो १२ व्होल्ट दाखवेल. छोट्या गाडीची ब्लोअर मोटर टॉपवर साधारण १० ते २० अँपिअर घेते, म्हणजे दीडशे-दोनशे वॅटचं काम. एका तारेवर ते होत नाही. म्हणून मी हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब, ज्याची एक तार तरी शाबूत आहे, दोन वायरी लावून डब्यात ठेवला आहे. ५५ वॅट, म्हणजे साडेचार-पाच अँपिअरचा भार. तो कपलरच्या दोन पिनांत लावला आणि चारवर लख्ख पेटला, तर गाडीने आपलं काम केलंय आणि मोटर खरंच दोषी आहे. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी पकड गेलीय. पेटलाच नाही तर नवी मोटर घेऊन काय करणार? बल्ब लावलेला असतानाच मीटरने व्होल्ट बघा. बॅटरीवर जेवढे आहेत त्यापेक्षा कपलरवर एखाद-दीड व्होल्टने कमी भरले तर मधली वायर, रिले, नॉब तपासायचे. बल्ब क्षणात तापतो, तेव्हा तो सीटच्या कापडावर ठेवू नका.

साध्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून मोटरचा करंट मोजायला जाऊ नका. मीटरचा फ्यूज जाईल. बाजारात मिळणारे स्वस्त क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारे) बहुतेक फक्त एसी करंट मोजतात, तेही इथे उपयोगाचे नाहीत. डीसीचा क्लॅम्प मीटर कुणाकडे मिळाला तर उत्तम.

कार्बन बदलून भागेल का

लष्करात मोटर भरून देणाऱ्यांची कमी नाही आणि ‘कार्बन नए डाल देंगे, मैडम’ हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेलच. ब्लोअरच्या बहुतेक मोटरींचा डबा दाबून बंद केलेला असतो, खोलायसाठी बनवलेला नसतो. तो वाकवून खोललाही, तरी अडचण कार्बनची आहे. बारा व्होल्टच्या मोटरीत करंट जास्त, म्हणून तिच्या कार्बनमध्ये तांब्याची पूड मिसळलेली असते. नीट बघितलं तर त्यावर लालसर झाक दिसते. त्याऐवजी घातला जातो तो मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टसाठीचा, काळाकुट्ट, रोध जास्त. तो घासून आकाराला आणून बसवला की मोटर फिरते, दुकानदार फिरवून दाखवतोही, आणि मग ती तापत राहते, वारा कमी देते. खरा तांबेमिश्रित कार्बन मिळत असेल आणि कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) खाच पडलेली नसेल तर माझी हरकत नाही. पण बुशही त्याच वयाचा झालेला असतो हे विसरू नका. मी स्वतः नवी मोटर घेते.

बुशात तेल सोडण्याबद्दलही विचारतात. चीं-चीं करणाऱ्या बुशावर मशीनच्या तेलाचा एक थेंब तात्पुरता आराम देतो. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं आणि कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो. गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच. असेल नसेल ते तेल धुऊन काढतो.

दुकानात

जुनी मोटर काढून सोबत न्या. गाडीचं नाव आणि साल सांगून आणलेल्या मोटरींपैकी परत कराव्या लागलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच एसीची किट बनवणारी कंपनी बदललेली असते. मोटरच्या बुडावर सुब्रोस, डेन्सो, व्हॅलिओ असं काही नाव आणि नंबर असतो. तो जुळला पाहिजे. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून बघा: कपलरचा आकार, स्क्रूची भोकं, पंख्याचा व्यास आणि उंची, मोटरला गार ठेवणाऱ्या बारक्या नळीचं तोंड. शेवटी पात्यांचा वाक. पात्यांचा वाक उलटा म्हणजे मोटर उलट फिरणारी. ती बसेल, फिरेल, आवाजही करेल, आणि वारा मात्र नावापुरता देईल. दुकानातच बॅटरी लावून दाखवायला सांगा.

पंख्यासकट मिळत असेल तर तशीच घ्या. नुसती मोटर घेतली तर जुना पंखा तिच्यावर चढवताना तो दांड्यावर किती खोल होता ते आधी मोजून ठेवावं लागतं. पात्यांवर कुठेकुठे चिमुकल्या धातूच्या क्लिपा लावलेल्या दिसतील. तो कचरा नाही, तोल साधायला कारखान्यात लावलेल्या असतात. त्या काढल्या की पंखा थरथरतो.

काढणं

सावलीत गाडी लावा. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये हे काम सकाळी सातच्या आधी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. डावी सीट पूर्ण मागे सरकवा, दार सताड उघडं ठेवा, पाठीखाली जुनी उशी घ्या, कारण डोकं पायाच्या जागेत आणि पाय बाहेर अशा अवस्थेत पडायचं आहे. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा. मोटर खाली येताना तिच्याबरोबर वर्षांची धूळ थेट डोळ्यांत येते. उंदरांचा वावर असेल तर मास्कही, आणि त्यांची घाण कोरडी झाडू नका, ओल्या कापडाने टिपा.

चावी काढून खिशात. बॅटरीची मायनस तार दहाच्या पान्याने सोडवा आणि काही मिनिटं थांबा. ग्लव बॉक्सच्या वरच्या बाजूला पुढच्या प्रवाशाची एअरबॅग असते; जानेवारी २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत ती सक्तीचीच आहे. तिच्या यंत्रणेत थोडा काळ विजेचा साठा राहतो, म्हणून हे थांबणं. पिवळ्या रंगाचे कपलर किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या की तिथून हात मागे. मोटर बदलायला त्यांना हात लावायची गरज पडतच नाही.

ग्लव बॉक्स रिकामा करा. बहुतेक गाड्यांत त्याच्या दोन्ही बाजू आतल्या बाजूला दाबल्या की अडकण सुटते आणि तो खाली लोंबतो. एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असला तर आधी तो काढा. खालचं कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण क्लिपांवर असतं. आता मोबाइलने फोटो काढा: वायरी कुठून गेल्या आहेत, नळी कुठे लावली आहे.

वर पाहिलंत की थाळीएवढी काळी गोल प्लास्टिकची चकती दिसेल, तिच्या बुडाला दोन पिनांचा कपलर. तीच मोटर. शेजारी दोन स्क्रूंवर रेझिस्टर असतो. तोही आत्ताच काढून बघा. गुंडाळी तुटलेली, प्लास्टिक करपलेलं असेल तर नवा टाका, पुन्हा डोकं खाली घालून पडावं लागणार नाही.

मोटरला बहुधा तीन स्क्रू असतात, कुठे फुलीचे, कुठे आठच्या डोक्याचे. काही गाड्यांत स्क्रू नसतात, एक खिट्टी दाबून चकती फिरवली की सुटते. तीन स्क्रूंपैकी दोन पटकन निघतात. तिसरा मागे, भिंतीला टेकलेला असतो, आणि या सगळ्या कामाचा वेळ तोच खातो. लांब स्क्रूड्रायव्हर तिथे तिरका लागतो आणि स्क्रूचं डोकं खराब करतो. बुटका स्क्रूड्रायव्हर, किंवा पाव इंची रॅचेट आणि छोटं एक्स्टेन्शन घ्या. आधी मागचा सोडवा, पुढचे दोन नंतर. म्हणजे मोटर लोंबकळत नाही आणि मागच्या स्क्रूवर तिचं वजन येत नाही. टोकाला चुंबक असेल तर बरं. गालिच्यात पडलेला स्क्रू शोधताना माणसं वैतागून दोनच स्क्रूंवर मोटर बसवतात, आणि मग ‘नव्या मोटरचा आवाज येतो’ म्हणून तक्रार करतात.

मोटर सरळ खाली ओढा. अडली तर कुठली तरी नळी किंवा वायर अजून लागलेली आहे, जोर लावू नका. ती निघाली की भोकात हात घालून सगळीकडे फिरवा. आमच्याकडे नव्वद टक्के कडुनिंबाची पानं निघतात, वायपरखालच्या जाळीतून आलेली. पाण्याचे ओघळ किंवा गंज दिसला तर तिथेच थांबा. मोटर पाण्याने गेलेली आहे आणि वायपरखालची पाणी जायची वाट तुंबलेली आहे. ती मोकळी केल्याशिवाय नवी मोटर बसवणं म्हणजे तिलाही पाण्यात टाकणं.

जुनी मोटर बाहेर चालवून खात्री करायची असेल तर बॅटरीवरून निदान अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीने, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज घालून. आधी तिला कापडात गुंडाळून पायाने किंवा शिकंज्यात घट्ट धरा. सुरू होताना ती उसळी मारते आणि पंख्याची पाती बोटं सोलतात. एलईडी पट्टीच्या अडॅप्टरवर मोटर फिरली नाही म्हणून ती मेली असं ठरवू नका. त्या अडॅप्टरला एवढा करंट देताच येत नाही.

बसवणं

नवी मोटर बोटाने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. कपलर लावा, पण स्क्रू अजून नको. बॅटरी जोडा, मोटर हातात नीट धरून, बोटं पंख्यापासून लांब ठेवून, एक नंबरवर क्षणभर चालवा. फिरली की बंद करून मायनस पुन्हा काढा. हे आत्ताच केलेलं बरं, सगळं बंद करून झाल्यावर नाही.

चकतीच्या कडेला फोमची पट्टी असेल तर ती फाटली नाही ना बघा. गेली असेल तर नवी लावा, नाहीतर शिट्टीसारखा आवाज येतो. भोकं बहुतेक वेळा एकाच स्थितीत जुळतात. स्क्रू प्लास्टिकमध्ये बसतात, म्हणून आधी हाताने थोडा उलटा फिरवा, ‘टक्’ असं जाणवलं की जुन्या आट्यात बसला, मग सुलटा. तिन्ही दोन-दोन आटे लावून घ्या, नंतर आवळा. घट्ट झाला की बस. प्लास्टिकचे आटे एकदा गेले की गेले.

मोटरच्या पोटाला जाणारी बारकी नळी असेल तर ती विसरू नका. पंख्याची थोडी हवा त्या नळीने मोटरच्या आत फिरते. ती लोंबत राहिली तरी सगळं सुरळीत चालतं, म्हणून लक्षात येत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मोटर तापून जाते.

बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा, चारही वेग बघा, तोंडावर, पायाशी आणि काचेवर अशा तिन्ही दिशांना. घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन परत लावावे लागतील. मग चारवर दहा मिनिटं चालू ठेवा आणि बंद करून कपलरला हात लावा. कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल तर पिनांची पकड सैल आहे. कपलरचा वायरीसकट मिळणारा तुकडा आणून नीट क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडा. पिळून वर टेप गुंडाळलेला जोड वीस अँपिअरला पुरत नाही.

जुन्या मोटरचा पंखा शाबूत असेल तर भंगारात देण्याआधी तो काढून, धुऊन, क्लिपांसकट ठेवून द्या. पुढच्या वेळी दुकानात नुसतीच मोटर मिळाली तर तोच कामाला येईल.